अंक कीं अक्षर ?

गेल्या स्नेहसंमेलनाच्या दिवशीं, पारितोषिक-समारंभांत, आमच्या हातून एक अन्याय घडला. तो आमच्या विद्यार्थ्यांच्या व पालकांच्या स्मरणांत अद्याप असेलच. सामान्यज्ञानाच्या परीक्षेचें पहिलें बक्षीस ९८ गुण मिळविणाऱ्या विद्यार्थ्यास जाहीर झालें, टाळ्यांचा गजर झाला, आणि सभागृहाच्या मागील बांकावर इयत्ता आठवींतील एक मुलगी, जिनें आपली १०० पैकीं १०० गुणांची उत्तरपत्रिका आदल्याच आठवड्यांत पाहिली होती, आपल्या वडिलांच्या शेजारीं खालीं मान घालून बसून राहिली. दुसऱ्या दिवशीं चूक उमगली. बक्षीस तिला देण्यांत आलें, व आम्हीं तिची आणि तिच्या वडिलांची क्षमा मागितली. त्यांनीं मोठ्या मनानें ती केली. परंतु हुकलेल्या टाळ्या मागाहून वाजवून देतां येत नाहींत.

"चूक संगणकाची" असें त्या वेळीं पुष्कळांनीं म्हटलें, आणि तें आम्हांस सोयीचें असल्यामुळें आम्हीहि चार दिवस तसेंच म्हणत होतों. आज तें म्हणणें आम्ही परत घेतों. संगणकानें सांगितलें तेंच केलें. ज्या विद्यार्थ्यानें निकालाचा प्रोग्रॅम लिहिला, त्यालाहि फारसा दोष देतां येत नाहीं, कारण त्याला जें शिकविलें होतें तें त्यानें निमूटपणें केलें. चूक शिकविणारांची, म्हणजे आमची होती. ती कोणती हें उघडपणें सांगावें, व तीवरून आमचें जें एक मत बनलें आहे तें विद्यार्थ्यांपुढें व पालकांपुढें ठेवावें, एवढाच ह्या लेखाचा हेतु आहे.

तो प्रोग्रॅम पायथन ह्या भाषेंत होता. ही भाषा गुइडो व्हान रॉसम ह्या डच गृहस्थांनीं तयार केली व १९९१ सालीं प्रथम लोकांपुढें ठेविली. शिकण्यास सुलभ म्हणून आज ती शाळांशाळांतून शिकविली जाते. हिला स्क्रिप्टिंग भाषा म्हणतात. अशा भाषेंत एखाद्या नांवाखालीं कोणत्या प्रकारचें मूल्य ठेवावयाचें, हें आधीं जाहीर करावें लागत नाहीं. "गुण" असें नांव द्यावें, त्यांत आज आंकडा ठेवावा, उद्यां वाक्य ठेवावें; भाषा हरकत घेत नाहीं. ह्यावरून नवशिक्याचा असा समज होतो कीं, ह्या भाषेंत प्रकार म्हणून कांहीं नाहींच. हा समज खोटा आहे. पायथनमध्यें नांवाला प्रकार नसतो, पण मूल्याला असतोच. डब्यावर चिठ्ठी लाविली नाहीं, म्हणून आंत मीठ आहे कीं साखर हें कांहीं अनिश्चित राहत नाहीं. चहांत टाकल्याबरोबर तें कळतें. मात्र तोंवर चहा बिघडलेला असतो.

आमच्या यादीच्या बाबतींत हेंच झालें. फाइलींतील मजकूर पायथन साध्या रीतीनें वाचते तेव्हां तो अक्षरमाला म्हणूनच हातीं येतो. तिला स्ट्रिंग म्हणतात. कळफलकावरून घेतलेल्या उत्तराचीहि तीच गोष्ट. तेथें ९८ म्हणजे अठ्ठ्याण्णव ही संख्या नव्हे, तर नऊ व आठ ह्या दोन चिन्हांची जोडी होय. आतां अक्षरमालांचा क्रम शब्दकोशाप्रमाणें लागतो. कोशांत "कळकळ" हा चार अक्षरी शब्द "मन" ह्या दोन अक्षरी शब्दाच्या आधीं येतो, कारण पहिलें अक्षर पाहतांच निकाल लागतो. शब्द किती लांब आहे हें कोणी विचारीत नाहीं. तसेंच येथें झालें. १०० चें पहिलें चिन्ह एक, ९८ चें पहिलें चिन्ह नऊ. नऊ मोठा, म्हणून ९८ वर आणि १०० खालीं. अशा रीतीनें शंभर गुणांची मुलगी उतरत्या यादीच्या अगदीं तळाशीं जाऊन बसली. मागाहून ती यादी आम्हीं पूर्ण वाचली, तेव्हां ९ गुणांचा एक विद्यार्थी ८५ गुणांच्या विद्यार्थ्याच्या वर विराजमान झालेला आढळला! समारंभांत पहिलीं तीनच नांवें वाचावयाचीं असतात. तळ कोणी पाहिलाच नाहीं.

उपाय एका शब्दाचा होता. वाचलेल्या अक्षरमालेस "इंट" हा शब्द लाविला असता, तर तिचा पूर्णांक झाला असता व क्रम बिनचूक लागला असता. पण हा शब्द कोठें व कां लावावा हें त्या मुलास आम्हीं शिकविलें नव्हतें. आम्हीं त्याला अटी शिकविल्या, आवर्तनें शिकविलीं, चित्रें काढावयास शिकविलीं. आणि ज्यावर हें सारें उभें राहतें तो प्रकाराचा धडा "कंटाळवाणा आहे, पुढें पाहूं" म्हणून मागें ठेविला.

प्रकार बदलला कीं तीच क्रिया निराळें फळ देते, हें पुढील उदाहरणांवरून दिसेल. ३५ व ४० हे पूर्णांक मिळविले तर ७५ होतात. ह्याच दोन अक्षरमाला मिळविल्या तर एकीपुढें एक जोडल्या जाऊन ३५४० होते. ३५ ह्या संख्येची तिप्पट १०५. ३५ ह्या अक्षरमालेची तिप्पट ३५३५३५. एक मूल्य पूर्णांक व दुसरें अक्षरमाला असेल, तर मात्र पायथन बेरीज करीतच नाहीं. ती थांबते व "हे दोन प्रकार एकत्र मिळवितां येत नाहींत" अशा अर्थाचा मजकूर पडद्यावर दाखविते.

येथें दुसऱ्या एका भाषेशीं तुलना करणें उपयोगी पडेल. जावास्क्रिप्ट ही भाषा नेटस्केप कंपनींत ब्रेंडन आइख ह्यांनीं १९९५ च्या मे महिन्यांत निर्माण केली, व तिचा पहिला नमुना सुमारें दहा दिवसांत सिद्ध केला. वेबपानें पाहणाऱ्या सामान्य माणसापुढें पान अडून राहूं नये, म्हणून ही भाषा शक्य तेथवर सांवरून घेते. ३५ ही अक्षरमाला व ४० ही संख्या तिला मिळवावयास सांगितली, तर ती न थांबतां ३५४० असें उत्तर देते. त्याच अक्षरमालेंतून ५ वजा करावयास सांगितले, तर ती आपणच अक्षरमालेची संख्या करून घेऊन ३० असें उत्तर देते. म्हणजे बेरजेच्या वेळीं संख्येचें अक्षर, व वजाबाकीच्या वेळीं अक्षराची संख्या! उत्तर प्रत्येक वेळीं मिळतें. मात्र तें आपल्या मनांतलें आहे कीं नाहीं हें आपणच पाहावयाचें.

आमचें मत असें कीं, शिकणाऱ्या मुलास थांबणारी भाषा हितकर होय. जो गडी सांगितलेलें न समजतां मान डोलावून आपल्या तर्कानें काम उरकतो, त्याच्यापेक्षां "समजलें नाहीं, पुन्हां सांगा" असें म्हणणारा गडी बरा. तरी पायथन सर्वत्र थांबते अशी कोणी समजूत करून घेऊं नये. अक्षरमालांची यादी क्रमानें लावणें हें तिच्या दृष्टीनें निर्दोष काम आहे. म्हणूनच तिनें आमच्या यादीविषयीं चकार शब्द काढला नाहीं. भाषेचा पहारा कांहीं दारांवर असतो, सर्व दारांवर नसतो.

दुसरें उदाहरण आमच्या पालकांस अधिक जिव्हाळ्याचें वाटेल. उत्तीर्ण होण्यास ३५ गुण लागतात, व एखाद्या मुलाची सरासरी ३४.५ येते असें समजा. अशी दशांश संख्या पायथनमध्यें फ्लोट ह्या प्रकारची असते. तिला इंट लाविलें, तर अपूर्णांक कापला जाऊन ३४ उरतात, ३४.९ असते तरी ३४ च उरले असते. "राउंड" ही क्रिया लाविली, तर आजच्या पायथनमध्यें तरीहि ३४ च येतात, कारण अर्धा नेमका मध्यावर पडला असतां जवळच्या समसंख्येकडे जावें असा तिचा नियम आहे; त्याच नियमानें ३५.५ चे मात्र ३६ होतात. २००८ च्या अखेरीस तिसरी आवृत्ति येण्यापूर्वीं हीच क्रिया ३४.५ चे ३५ करीत असे. जुना नियम चांगला कीं नवा, हा वाद आम्ही येथें घालीत नाहीं. अर्धा नेहमीं वरच ढकलला तर मोठ्या बेरजा फुगतात, ह्यासाठीं नवा नियम सकारण आहे. परंतु आमच्या शिक्षकांची परंपरा अर्धा गुण वर घेण्याची आहे; आणि दशांशाचा पूर्णांक करणाऱ्या एका शब्दांत एका मुलाचें वर्ष सांपडलेलें असूं शकतें, हें तो शब्द लिहिणाऱ्यास ठाऊक असलेंच पाहिजे.

ह्याच फ्लोट प्रकाराची आणखी एक खोड आहे. ०.१ व ०.२ ह्यांची बेरीज ०.३ शीं बरोबर आहे काय, असें पायथनला विचारलें, तर ती "नाहीं" म्हणते. कारण संगणक हे अपूर्णांक द्विमान पद्धतीनें सांठवितो, आणि आपल्या दशमान पद्धतींत जसा एकतृतीयांश पूर्णपणें लिहितां येत नाहीं, तसा त्या पद्धतींत एकदशांश लिहितां येत नाहीं. फरक अतिसूक्ष्म असतो, पण हिशेबाच्या वहीला सूक्ष्म फरकहि चालत नाहीं. म्हणून पैशांचा हिशेब रुपयांच्या अपूर्णांकांत न ठेवतां पैशांच्या पूर्णांकांत ठेवावा, किंवा भाषेंत ह्यासाठीं असलेला दशमान प्रकार वापरावा.

आतां शून्याविषयीं. एका मुलास परीक्षेंत शून्य गुण मिळाले. दुसरा तापानें अंथरुणावर असल्यामुळें परीक्षेस बसलाच नाहीं. हीं दोन मुलें एक आहेत काय? पायथनमध्यें दुसऱ्यासाठीं "नन्" नांवाचें स्वतंत्र मूल्य आहे. त्याचा अर्थ "येथें कांहीं नाहीं". तें ६० मध्यें मिळवावयास गेलें, तर पायथन थांबते. जावास्क्रिप्टमधील अशाच अर्थाचें "नल्" हें मूल्य ६० मध्यें मिळविलें, तर बेरीज ६० च येते. मग दोहोंनीं भागून त्या आजारी मुलाची सरासरी ३० होऊन बसते, व कोणास कळतहि नाहीं. अनुपस्थित मुलाचे गुण कसे धरावे हा शाळेच्या नियमाचा प्रश्न आहे. तो शाळेनें सोडवावा. भाषेच्या संवयीनें आपोआप सुटूं नये.

येथवर संख्येचें अक्षर झाल्यानें होणारे घोटाळे आम्हीं मुख्यतः सांगितले. उलट घोटाळाहि होतो. मुंबईचा दूरध्वनि-संकेत ०२२ हा आहे. त्यास इंट लाविलें कीं आरंभींचें शून्य गळून २२ उरतात, व तो संकेत निरुपयोगी होतो. शाळेच्या नोंदवहींतील ००४७ ह्या क्रमांकाचीहि तीच गत. ह्यावर आम्ही विद्यार्थ्यांस एक साधी कसोटी देतों : अशा दोन मूल्यांची बेरीज करून कांहीं अर्थ निघतो काय? दोघांचे गुण मिळविले तर अर्थ निघतो. दोघांचे दूरध्वनि-क्रमांक मिळविले तर निघत नाहीं. ज्याच्या बेरजेस अर्थ नाहीं तें अंकांनीं लिहिलेलें नांव समजावें, व अक्षरमाला म्हणूनच ठेवावें.

ही भूल केवळ शाळकरी मुलांची आहे असें कोणी समजूं नये. मानवी जनुकांपैकीं कांहींचीं संक्षिप्त नांवें "सेप्ट २", "मार्च १" अशीं होतीं. एक्सेल ह्या तक्ते करण्याच्या प्रोग्रॅमांत तीं लिहिलीं कीं तो त्यांना तारखा समजून २ सप्टेंबर, १ मार्च असें करून टाकी. २००४ सालींच संशोधकांनीं ह्याविषयीं छापून इशारा दिला होता, तरी चुका होतच राहिल्या. शेवटीं २०२० सालीं जनुकांचीं नांवें ठरविणाऱ्या समितीनें नव्या नियमांनुसार तीं नांवेंच बदललीं. सेप्ट २ चें सेप्टिन २ झालें. यंत्राच्या तर्कापुढें विद्वानांस नामकरण बदलावें लागलें!

ह्याविरुद्ध दोन आक्षेप आम्हीं ऐकले आहेत. पहिला असा कीं, प्रकारांची चर्चा मुलांस रुक्ष वाटते, व आरंभींच ती केल्यास त्यांची आवड मरते. ह्यांत तथ्य आहे, आणि आम्हीहि ह्याच समजुतीनें आजवर वागलों. परंतु रुक्षपणा विषयाचा नसून आमच्या शिकविण्याचा होता असें आतां वाटतें. संमेलनानंतर आम्हीं इयत्ता नववीच्या वर्गास ती चुकलेली यादी फळ्यावर लिहून दाखविली, व "हा क्रम कोणत्या नियमानें लागला असेल?" एवढाच प्रश्न केला. पाऊण तास वर्ग त्यांतच गुंगून गेला, आणि उत्तर शेवटीं एका मुलानें शब्दकोश हातांत घेऊन सांगितलें. त्याच तासाला मुलांनीं आणखी एक शोध लाविला. देवनागरी अंकांत लिहिलेली ४७ ही अक्षरमाला पायथन इंट लावल्यावर बिनतक्रार संख्या म्हणून स्वीकारते. पण "मराठी" ह्या शब्दाची लांबी विचारली, तर तीन न सांगतां पांच सांगते, कारण काना व वेलांटी हीं तिच्या लेखीं स्वतंत्र चिन्हें आहेत. आपल्या भाषेचे अंक तिला कळतात, आणि आपलीं अक्षरें ती आपल्यासारखीं मोजीत नाहीं, ह्या दोन्ही गोष्टींचें मुलांस सारखेंच नवल वाटलें.

दुसरा आक्षेप हल्लींच्या काळाचा आहे. साध्या बोलण्यांत सांगितलें कीं कृत्रिम बुद्धिमत्तेचीं साधनें सबंध प्रोग्रॅम लिहून देतात. मग मुलांनीं हें कशाला शिकावें? आमचें उत्तर असें कीं, अशा साधनांमुळें ह्या ज्ञानाची गरज वाढली आहे. ००४७ हा आपल्या शाळेंत मुलाच्या नोंदीचा क्रमांक आहे, कीं भांडारांतील वह्यांची संख्या आहे, हें त्या चिन्हांकडे पाहून कोणासहि निश्चित सांगतां येणार नाहीं. तें ज्याला ती वस्तु ठाऊक आहे त्यानेंच सांगितलें पाहिजे. मूल्य कोणत्या प्रकारचें मानावें हें त्या वस्तूच्या अर्थावरून ठरतें, आणि अर्थ जाणण्याचें काम आपलें आहे. मोठमोठ्या कारागिरांसहि हें पटलेलें दिसतें. मायक्रोसॉफ्टनें २०१२ सालीं टाइपस्क्रिप्ट नांवाची भाषा काढून जावास्क्रिप्टला प्रकारांची शिस्त लाविली. पायथनमध्येंहि २०१५ पासून नांवाशेजारीं प्रकाराची टीप लिहिण्याची सोय आहे. ती टीप प्रोग्रॅम चालतांना पायथन स्वतः तपासीत नाहीं, पण वाचणारास लिहिणाराचें मन कळतें.

सबब आमची सूचना अशी. संगणकाच्या पहिल्याच धड्यांत मुलास मूल्याचा प्रकार विचारावयास शिकवावें. परीक्षेंत "उत्तर काय येईल?" एवढेंच न विचारतां "तें कोणत्या प्रकारचें येईल, व कां?" असेंहि विचारावें. आणि ज्या यादीवर कोणा मुलाचें बक्षीस, गुण किंवा नांव अवलंबून आहे, तिचा तळहि माणसानें एकदां डोळ्यांखालून घालावा. आमच्या शाळेंत ह्या वर्षापासून निकालाची यादी दोन शिक्षक वरून खालीं व खालून वर अशी दोनदां वाचतील.

पालकांस एक विनंति आहे. आपलें मूल संगणकापुढें बसलें असतां पडद्यावर तांबड्या ओळी उमटल्या, तर "पुन्हां चुकलास" म्हणून त्याला बोलूं नये. त्या ओळी म्हणजे पुष्कळदां भाषेनें वेळेवर दिलेली हांक असते. त्यांत काय लिहिलें आहे तें त्याला मोठ्यानें वाचावयास सांगावें, व कोणतें मूल्य कोणत्या प्रकारचें आहे हें विचारावें. आमची ती यादी तयार झाली तेव्हां पडद्यावर एकहि तांबडी ओळ उमटली नव्हती. सर्व कांहीं सुरळीत चाललें होतें, आणि शंभर गुणांची मुलगी मागच्या बांकावर बसली होती.